कानात ठेवायला दिलेलं गाणं

विद्याधर नगर

जयपूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा आमच्याजवळ सामानाचे नऊ डाग होते. हमालाने सातच मोजले, कारण उरलेले दोन, कॅमेऱ्याची पेटी आणि टेप मशीन, आम्ही दोघांनी कडेवरच्या पोरांसारखे धरून ठेवले होते. कॅमेरा सदाकडे, मशीन माझ्याकडे. सदा हा माझा कॅमेरामन. सहा माहितीपट त्याने माझ्याबरोबर केले होते आणि त्या सहांपैकी एकही स्वतःच्या आईला दाखवावा असं त्याला वाटलं नव्हतं. हे तो मला तोंडावर सांगायचा, म्हणून मी त्याला सोडत नव्हतो.

उतरायची सोय आठल्ये डॉक्टरांकडे होती. डॉक्टर पुण्यात माझ्या खोलीत राहायचा. आता तो इथल्या एका मोठ्या इस्पितळात हाडांचा डॉक्टर होता आणि विद्याधर नगरात त्याने नुकतंच घर बांधलं होतं. रुंद, सरळ आखलेले रस्ते, मधे मोकळे प्लॉट, आणि प्लॉटवर बांधकामाच्या रेतीचे ढीग. वारा सुटला की ती रेती घरात यायची. सुमतीवहिनी मूळच्या साताऱ्याच्या. दिवसातून तीनदा फडकं मारत आणि दर वेळी म्हणत, "भावजी, हे काही खरं नाही. आमटीतसुद्धा कचकच लागते."

आमटी मात्र गोड्या मसाल्याची होती. मसाला साताऱ्याहून डब्यातून येई. जेवताना डॉक्टरांची मुलगी केतकी समोर बसून मला निरखत होती. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. जन्म इथलाच. मराठी बोलताना ती मधेच थांबे आणि शब्द शोधी.

"काका, मतलब तुम्ही खरंच पिक्चर बनवता? हॉलमध्ये लागतात ते?"

"एक लागला होता," मी म्हणालो.

"कोणता?"

मी नाव सांगितलं. तिने ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलेलं नसतं.

त्या एका सिनेमाबद्दल इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी स्टुडिओत ध्वनिमुद्रकाचा मदतनीस म्हणून लागलो. वायरी गुंडाळण्यापासून सुरुवात केली आणि बारा वर्षांनी दिग्दर्शक झालो. सिनेमा हिंदी होता, गोष्ट राजस्थानातली. त्यात विहिरीवरचं एक गाणं होतं. ते गाण्यासाठी मी जयपूरच्या धापूबाई नावाच्या ढोली जातीच्या गायिकेला मुंबईला आणलं. ढोली म्हणजे ठाकुरांच्या घरी लग्नाकार्यात, जन्ममरणात गाणारे लोक. बाई तेव्हा चाळिशीची असेल. पहिल्याच टेकला तिने असं गायलं की काचेच्या पलीकडे बसलेले वादक वाजवायचे थांबले. पुढे निर्मात्याने तो आवाज काढून टाकला आणि तेच गाणं एका नामवंत पार्श्वगायिकेकडून गाऊन घेतलं. "ही बाई रडते की गाते?" असं तो म्हणाला. मी दिग्दर्शक होतो. मी त्याला काहीही म्हणालो नाही, आणि धापूबाईला कळवलंही नाही. सिनेमा आठवडाभर चालला. त्यानंतर मला कुणी सिनेमा दिला नाही. मी सरकारी खात्यासाठी संगीतावरचे माहितीपट करू लागलो. हळूहळू लोक मला उपेक्षित कलावंतांचा कैवारी म्हणायला लागले आणि मी ते म्हणू दिलं.

आता टीव्ही नुकताच रंगीत झाला होता आणि सगळ्या देशाला रंगीत लोककलावंत हवे होते. मला राजस्थानी गाण्यांवर अर्ध्या तासाचा माहितीपट मिळाला. यादीत धापूबाईचं नाव मीच घातलं. प्रायश्चित्त म्हणून घातलं, असं मी सदाला गाडीत सांगितलं. सदा म्हणाला, "प्रायश्चित्त कसलं? तुला तो आवाज पाहिजे, एवढंच आहे."

मुरलीपुरा

माझ्याजवळचा पत्ता जुन्या शहरातला, चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा. तिथे आता भांड्यांचं दुकान होतं. दुकानदाराने सांगितलं, ढोल्यांची ती चार घरं केव्हाच उठून सीकर रोडकडे गेली, मुलं कारखान्यात लागली. म्हणजे मी सकाळी ज्या घरातून निघालो त्याच्या जवळच. अर्धा दिवस उलट्या दिशेला घालवला. सदाने त्याचा फायदा घेऊन तीन कांदा कचोऱ्या खाल्ल्या आणि चौथी बांधून घेतली. जयपूरची कचोरी आपल्याकडच्यासारखी तळहातात मावत नाही, बशी भरून उरते. त्यातलं सारण कढत आणि तिखट. त्याची किंमत सदाने पुढे दोन दिवस मोजली.

दुपारी रिक्षाने मुरलीपुऱ्यात पोचलो. निम्मी घरं, निम्मे कारखाने. एका दारात म्हैस बांधलेली आणि शेजारच्या दारात लेथ चालू. पलीकडे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राची धुराडी दिसत होती आणि तिकडून एक सततचा घरघराट येत होता. मी सवयीने मनात हिशेब केला, की इथे ध्वनिमुद्रण शक्य नाही.

धापूबाई अंगणात खाटेवर बसून बाजरी निवडत होती. केस पांढरे झाले होते, पण पाठ ताठ होती. मी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "पधारो साब. बंबईवाले."

तिने ओळखल्याचं मी आश्चर्य दाखवलं.

"आवाज से पहचाना. शकल तो आपकी बदल गई."

मग जेवण. इकडे पाहुण्याला वाढायची एक रीत आहे, तिला मनुहार म्हणतात. आपल्याकडे आग्रह करतात, पण पाहुण्याने पानावर आडवा हात धरला की थांबतात. इथे हात धरला की हातावर वाढतात. बाजरीची जाड भाकरी, तीत मुरवलेलं तूप, लसणाची लाल चटणी, कढी आणि गूळ. सून पदर नाकापर्यंत ओढून वाढत होती. मुलगा मांगीलाल लेथवरून जेवायला आला होता. हाताला काळं ग्रीस. तो माझ्याकडे पाठ करून बसला.

पाण्याचा तांब्या पुढे करत बाई म्हणाली, "साब, आपका सनीमा देखा था मैंने."

घास माझ्या तोंडात होता.

ती सांगत गेली, आणि आवाज जराही वर गेला नाही. सिनेमा जयपूरला लागला तेव्हा तिने गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा केल्या. सासूला सुद्धा नेलं. सासू जन्मात पहिल्यांदा थेटरात गेली. नवऱ्याने नवं धोतर नेसलं. सगळे पुढच्या रांगांत बसले. विहिरीचा प्रसंग आला. पडद्यावरच्या पोरीने तोंड उघडलं, आणि त्यातून दुसरीच कोणी गायली.

"सास बोली, ये तो तू कोनी, तू नहीं है. मैं क्या बोलती? बाहर निकले तो औरतें हँसें. बोलीं, धापू झूठी है, बंबई गई ही कोनी, अजमेर में बैठ के आ गई. बरसों बोलीं साब. ठाकुर के ठिकाने की शादी में जाती तो ठकुराणियाँ भी बोलतीं, आओ बंबई की गायण." तिने तांब्या खाली ठेवला. "मेरे घरवाले ने फिर ढोलक मेरे साथ नहीं बजाई."

मांगीलाल उठला, हात धुतले आणि कामावर निघून गेला.

माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणालो, ते निर्मात्याने केलं, माझ्या हातात नव्हतं. हे खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. बाईने मान हलवली. मग म्हणाली, "गाऊँगी. तीन गाऊँगी, जो कहो. पर मेरे मुँह से मेरी आवाज निकले. और वो कुएँवाला नहीं गाऊँगी. वो अब किसी मशीन को नहीं दूँगी."

मी तिला वचन दिलं. सदाने माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून संडासाची वाट विचारली.

किल्ल्यावर

खात्याने एक संपर्क अधिकारी दिला होता. भला माणूस, पण त्याला सगळं झगमगीत लागायचं. त्याने किल्ल्याच्या एका चौकात शूटिंगची परवानगी काढली, जरीचा गोटा लावलेला घागरा आणला, मागे बसायला सहा साफेवाले आणले. त्यांतले दोघे चौकीदार होते, त्यांना फक्त माना डोलावायच्या होत्या. धापूबाईने घागऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हा नवरीचा आहे, विधवा नेसत नाही. अधिकारी म्हणाला, टीव्हीवर कोणाला कळतंय? शेवटी तिने स्वतःची करड्या काठाची ओढणीच घेतली. मी तिची बाजू घेतली. हे लिहिताना मला जाणवतं, की त्या आठवड्यात मी एवढी एकच बाजू घेतली.

गाताना तिने पदर पुढे ओढला. चौकात तिचा थोरला दीर बसला होता, त्याच्यासमोर तोंड उघडं टाकायचं नव्हतं. सदा कॅमेऱ्यामागून कण्हत म्हणाला, "चेहरा दिसत नाही." मी अधिकाऱ्याला सांगितलं, दिराला चहा प्यायला बाहेर घेऊन जा. तो गेल्यावर बाईने पदर मागे सारला आणि हसली. आमच्या सबंध मुक्कामात ती तेव्हाच हसली.

तिने तीन गाणी म्हटली. पाहुणा यायचं, झोपाळ्याचं, आणि एक ठाकुराच्या घोड्याचं. आवाज खाली उतरला होता, वरच्या जागा तुटत होत्या, पण ती त्या तुटण्यालाच धरून पुढे जायची. सगळं चांगलं झालं. माहितीपटाला पुरेल एवढं झालं. डोक्यावरचे हेडफोन काढताना मात्र मला वाटत होतं, की विहिरीचं गाणं हिच्या आताच्या आवाजात कसं लागेल.

गच्चीवर

निघायच्या आदल्या दिवशी सदा अंथरुणावर होता. डॉक्टरने त्याला मीठ-साखरेचं पाणी आणि शिव्या दिल्या. मला मुरलीपुऱ्याचे नुसते आवाज हवे होते, म्हैस, लेथ, रस्ता. त्यामुळे मी मशीन घेऊन एकटाच निघालो. केतकी म्हणाली, "काका, मी येऊ? मला बघायचंय ते कसं पकडतात, आवाज." तिला बरोबर घेतलं.

धापूबाई गच्चीवर पापड वाळत घालत होती. गच्ची म्हणजे सिमेंटचा ओबडधोबड चौकोन, कडेला सळया वर आलेल्या, समोर धुराडी. मी मशीन मांडलं, रीळ सुरू केलं, हेडफोन चढवले आणि घरघराट मुद्रित करू लागलो. केतकी मशीनच्या बाजूला बसून फिरती चाकं पाहत होती. बाई तिला पापडाचा तुकडा देऊन विचारत होती, तू कोणाची, लग्न ठरलं का, शिकून काय करणार.

तीनच्या सुमारास वीज गेली.

लेथ एकेक करून मंद होत थांबले. मग पलीकडचे कारखाने. मिनिटभरात सीकर रोडची ती बाजू इतकी शांत झाली की खालच्या घरातली म्हैस रवंथ करताना ऐकू यायला लागली. माझं मशीन बॅटरीवर चालत होतं. तीस वर्षांच्या धंद्यात मला अशी शांतता शहरात कुठे मिळाली नव्हती.

त्या शांततेत मला बोलावंसं वाटलं. मी तिला खरं ते सांगितलं. निर्माता म्हणाला तेव्हा मी तिथेच उभा होतो, अडवू शकलो असतो, निदान नाव काढून घेऊ शकलो असतो, पण मला पुढचा सिनेमा हवा होता म्हणून गप्प राहिलो. एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही. मी तिच्यापुढे हात जोडले. ते खोटं नव्हतं. केतकी खाली मान घालून ऐकत होती.

धापूबाई बराच वेळ पापड उलटत राहिली. मग हात पुसून माझ्यासमोर येऊन बसली.

"मशीन बंद करो साब."

मी हेडफोन काढले आणि गळ्यात टाकले.

"वो कुएँवाला सुनाती हूँ. तुम्हारे कान में देती हूँ. कान में रख लो. जितना रहे, उतना तुम्हारा."

तिने डोळे मिटले.

त्या गाण्याचे शब्द अगदी साधे होते. सून विहिरीवर आली आहे. घागर भरली आहे. उन्हं कलली. बाकीच्या बायका एकमेकींच्या डोक्यावर घागरी चढवून गेल्या. आता हिची घागर उचलून हिच्या डोक्यावर द्यायला कोणी नाही. एवढंच. पण "कोणी नाही" या शब्दांवर ती पुन्हापुन्हा येत होती आणि दर वेळी वेगळ्या माणसाची आठवण काढल्यासारखी येत होती. मुंबईत तिने हे गायलं तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. तेव्हा ते गाणं सुंदर होतं. आता त्यात सुंदर म्हणावं असं काही उरलं नव्हतं आणि मला श्वास घेता येत नव्हता. अकरा-बारा मिनिटं झाली असतील. शेवटी सूर सोडला तेव्हा खालून सुनेचा हुंदका ऐकू आला.

आता हे लिहितो. मी हेडफोन काढले, पण मशीन बंद केलं नव्हतं. कान मोकळे झाले म्हणजे मशीन बंद, असा तिचा समज होता आणि तो मला माहीत होता. बटण माझ्या बोटापासून चार इंचांवर होतं. मी झाकण हळूच खाली केलं, एवढंच केलं. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की बटण दाबायचं भान नव्हतं. तीस वर्षं मी ते बटण झोपेतसुद्धा दाबत आलो होतो.

झाकणाला एक काचेची पट्टी असते. केतकी त्या बाजूला बसली होती. गाणं चालू असताना तिने एकदा खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी धुराड्यांकडे पाहत राहिलो.

वीज आली. लेथ सुरू झाले. बाई उठून पापड गोळा करू लागली. निघताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच लहान असेन.

रिक्षात केतकी एकदाच बोलली. "काका, तुम्ही ते… मतलब, पुसून टाकणार ना?"

"हो," मी म्हणालो.

परतल्यावर

मुंबईला आल्यावर महिनाभर मी त्या रिळाला हात लावला नाही. किल्ल्यावरची तीन गाणी लावून माहितीपट जुळवला. बरा झाला होता. बरा झाला की माहितीपट मरतो, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. एके दिवशी सकाळी मी ते रीळ काढून सदाला ऐकवलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं, "तिला माहीत आहे?"

मी रीळ उलटं गुंडाळू लागलो.

"मग मी हे ऐकलं नाही," तो म्हणाला. सातवा माहितीपट आमचा शेवटचा ठरला. श्रेयनामावलीतून त्याने नाव काढून घेतलं. मला जे एकदा जमलं नव्हतं ते त्याने एका ओळीच्या चिठ्ठीत केलं.

गाणं मी सबंध लावलं. पडद्यावर धुराडी, उडणारी रेती, सिमेंटच्या गच्च्या, तारेवर वाळणाऱ्या ओढण्या. निवेदनाचा एक शब्द वर पडू दिला नाही. खात्याच्या समितीने पाहिलं तेव्हा दिवे लागल्यावर एक वयस्क सभासद डोळे टिपत होते. एका रविवारी माहितीपट टीव्हीवर लागला. मग परदेशांतली आमंत्रणं आली. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानाने समुद्र ओलांडला.

वहिनींचं पत्र आलं. त्यांच्या पत्राखाली एरवी केतकीच्या दोन ओळी असायच्या, मोडक्या मराठीत, हिंदी वळणाच्या अक्षरात. या वेळी नव्हत्या. "लिही म्हटलं तर नाही म्हणाली, परीक्षा आहे," असं वहिनींनी लिहिलं होतं. पुढे होतं: "तुमचा माहितीपट फार सुंदर झाला. मुरलीपुऱ्यात शेजारच्या घरी टीव्हीसमोर म्हणे पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी वाहवा केली. धापूबाई शेवटपर्यंत बसल्या आणि मग काही न बोलता घरी गेल्या. भरून आलं असेल हो म्हातारीला! मात्र त्या आता गात नाहीत. इस्पितळाच्या होळीच्या कार्यक्रमाला ह्यांनी मुद्दाम जाऊन बोलावलं. तर म्हणाल्या, धापू तो अब मशीन में गावे है डाक्टरसाब, उसी को बुला लो. किती मजेशीर बोलतात नाही?"

त्यानंतर मी जयपूरला गेलो नाही. दोनदा बोलावणं आलं, दोनदा तब्येतीचं कारण दिलं.

माहितीपट अजून ठिकठिकाणी दाखवतात. दाखवून झाला की तरुण मुलं भोवती जमतात आणि हमखास विचारतात, ते शेवटचं गाणं तुम्हाला मिळालं कसं? मी सांगतो की घाई करायची नाही. कलावंताच्या घरी जेवायचं, त्याच्याजवळ बसायचं, आधी त्याचा विश्वास मिळवायचा. मुलं ते वहीत उतरवून घेतात.